चार जणांनी शिकवलेली सायकल

आमच्या घरातली माणसं एकमेकांना भेटतात ती जिन्यावर. वर आम्ही राहतो, खाली सासूबाईंचं कपडे दुरुस्तीचं दुकान, आणि मधे एक अरुंद लाकडी जिना. सकाळी मी लॅबला जायला उतरते, तेव्हा माझे धाकटे दीर बेकरीतली पहाटपाळी संपवून, भुवयांवर पीठ घेऊन चढत असतात. मी आमच्या धाकट्याला, ढब्बूला, त्यांच्या हातात देते, ते गरम पावाची पिशवी माझ्या हातात देतात, आणि आम्ही दोघंही एकाच वेळी बोलतो. घाईघाईत एकदा मी पाव कडेवर घेतला आणि ढब्बूला पिशवीत घालायला निघाले होते, असं भाऊजी सगळ्यांना सांगतात. साफ खोटं आहे. पिशवी केवढीशी होती.

दुपारी माझा नवरा बसची ड्यूटी संपवून येतो. तो चढतो, भाऊजी झोपायला जातात, सासूबाई शिलाईयंत्र थांबवून वर डोकावतात, संध्याकाळी मी परत येते. निरोप जिन्यावरच दिले जातात आणि जिन्यावरच सांडतात. पहिलं वाक्य पोचतं, दुसरं वळणावर राहतं. "ढब्बूनं खाल्लंय" एवढं मला कळतं. "पण सगळं ओकलाय" हे कोट घाण झाल्यावर कळतं. तरी घर चालतं. कारण नियम एकच आहे: ज्याच्या हातात जे आलं, त्यानं ते सांभाळायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं.

भिंगरीही अशीच हातोहात वाढली. भिंगरी म्हणजे आमची थोरली, वय वर्षं सात. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण 'बस' म्हटलं की जी फिरायला लागते तिला त्या नावानं कोण हाक मारणार?

थंडीच्या सुरुवातीला ती शाळेतून आली ती जिना चढत नव्हतीच, उडत होती.

"आई! बाई म्हणाल्या, वसंतात सगळे सायकलनं तलावावर! सगळे! रांगेत! पुढे बाई, मागे आम्ही!"

"आणि ज्यांना सायकल येत नाही ते?"

तिचा चेहरा उतरला. "ते व्हॅनमधून. बालवाडीतल्यांबरोबर. खाऊच्या टोपल्या मांडीवर घेऊन."

हे ती अशा आवाजात म्हणाली, की जणू व्हॅन तुरुंगातच जाणार होती. तिच्या वर्गात सायकल न येणारी ती एकटीच उरली होती. आणि ती एकटी उरली होती याचं कारण तिच्यासमोर, हातातला ढब्बू सावरत उभं होतं. मी दिवसभर काचेखाली जंतू बघते. दुसऱ्यांच्या रक्तात काय काय सापडतं ते मला ठाऊक आहे. अशा बाईला घरी आल्यावर दाराची कडीसुद्धा धुवावीशी वाटते. तिनं पोरीला दोन चाकांवर कशी सोडावी?

"थंडी सरू दे, मग बघू," मी म्हणाले.

"थंडी सरली की तलावच येईल ना, आई!"

सायकल मात्र त्याच आठवड्यात आली. माझ्या नणंदेच्या मुलाला ती लहान झाली होती. आमच्या भिंगरीला ती चांगलीच मोठी होत होती. सीट तळाला नेली तरी तिच्या पायांची बोटं हवेतच. पण सासूबाई शिंपी. त्यांच्या घरात आजवर कुणी मापाचं काही घातलेलं नाही. कोट घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, बूट घ्यायचे ते पुढे कापूस भरून. "सायकलही वाढत्या अंगाचीच बरी," त्या म्हणाल्या. "शिवणीत कापड दाबून ठेवावं तशी. दुकानाच्या पायरीवरून चढेल ती."

मी वाद घातला नाही. मी दुसरंच काम सांगितलं. "आई, हिला हातमोजे शिवून द्या. जाड. बोटंबिटं नकोत, सरळ पिशवीच करा. बोटं वेगवेगळी झाली की गारठतात."

सासूबाईंनी जुन्या रजईच्या तुकड्यांचे हातमोजे शिवले. असे गुबगुबीत, की भिंगरीनं हात वर केले की मुष्टियुद्धाला निघाल्यासारखी दिसायची. हरवू नयेत म्हणून दोन्हींना एक दोरी लावली आणि ती कोटाच्या बाह्यांमधून ओवून घेतली. मला फार आवडले. सायकल जिन्याखाली उभी केली आणि मी मनातल्या मनात तिच्यावर पांघरूण घातलं.

घरातल्या बाकीच्यांनी नव्हतं घातलं, हे मला डागांवरून कळलं.

पहिला डाग भिंगरीच्या मोज्यावर. काळा, तेलकट, घोट्याच्या आतल्या बाजूला. साखळीचं वंगण. मी तो मोजा बाजूला ठेवला. लॅबमध्ये आम्ही एका नमुन्यावर निदान करत नाही.

दुसरा डाग तिच्या कोटाच्या पाठीवर. पांढरा. पाच बोटं उमटलेली. पीठ.

तिसरी खूण तर चक्क रस्त्यावर होती. दुकानासमोरच्या फरसबंदीवर कुणीतरी खडूनं मोठे मोठे आठाचे आकडे काढले होते, एकात एक गुंतलेले. खडू साधा नव्हता. निळसर, चपटा, कापडावर खुणा करायचा.

त्या रविवारी सगळे घरी होते. मी तो काळा मोजा चिमटीत धरून जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहिले. वर नवरा आणि भाऊजी, खाली सासूबाई. कुणाला वरही जाता येईना आणि खालीही.

"बोला," मी म्हणाले.

"मळका मोजा आहे," नवरा म्हणाला.

"ते मला दिसतंय. बोला."

नवऱ्यानं आईकडे पाहिलं, आईनं धाकट्याकडे, आणि धाकट्यानं छताकडे.

"मी फक्त तोल शिकवला," नवरा शेवटी म्हणाला. "ड्यूटीवरून आलो की थोडा वेळ. मागून सीट धरून. सरळ पुढे बघ, चाकाकडे बघू नकोस, एवढंच."

"मी वळणं," सासूबाई खालून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अपराध कमी आणि अभिमान जास्त होता. "कात्री वळणावर जशी हळू फिरवायची, तसंच ते. पोरीचा हात चांगला आहे हो."

"आणि भाऊजी, तुम्ही?"

"मी वहिनी, जरासा... वेग."

"वेग!"

"आणि एक हात सोडून सलाम. पण तो तिनंच आपणहून केला! मी फक्त टाळ्या वाजवल्या."

माझ्या डोळ्यांपुढे मोडलेल्या हाडांचे सगळे एक्स-रे एका रांगेत सरकून गेले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंच्या मागून भिंगरीचं डोकं बाहेर आलं.

"आई, रागावू नकोस. तू पण शिकव ना. सगळ्यांचं झालं, तुझंच राहिलंय."

काय करणार? चिडायला घेतलेला श्वास तसाच राहिला. मी सायकल बाहेर काढायला लावली, तिला पायरीवरून चढताना पाहिलं, आणि ती खडूच्या आठांवरून अशी सळसळत गेली, की माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं ते भीतीचं की कौतुकाचं, मला सांगता येणार नाही.

"ठीक आहे," मी म्हणाले. "मी शिकवीन. पण वचन दे. सायकलवर हातमोजे काढायचे नाहीत. काहीही झालं तरी."

"काहीही झालं तरी!" तिनं गुबगुबीत पंजा माझ्या हातावर आपटला.

मग काय विचारता! तो हिवाळा आमच्या घरानं रस्त्यावरच काढला. सकाळी धुकं विरलं की भाऊजी तिला गल्लीच्या टोकापर्यंत पळवायचे आणि जिन्यापाशी हात पसरून उभे राहायचे. ती सुसाट यायची ती थेट त्यांच्या मिठीत. शाळा सुटली की नवरा. तो सीटमागे धावायचा, हळूच सोडायचा, पुन्हा धरायचा, आणि ढब्बूच्या रडण्याचा आवाज वरून आला की सायकल जागच्या जागी पकडून पोरीला काखेत मारून वर यायचा. सासूबाई गिऱ्हाईक येईपर्यंत आठ काढून घ्यायच्या. गिऱ्हाईक आलं की कोटाची कॉलर धरून पोरीला पायरीवर उतरवायच्या. "बाकीचं उद्या. ह्यांची पँट आखूड करायचीय."

माझी पाळी संध्याकाळची, उजेड असेतो. मी तिला शिकवलं ते बघायला. मागे बघ, बाजूला बघ, घंटी वाजव, वळायच्या आधी हात दाखव. भाऊजींचा तो सलाम मी असा सत्कारणी लावला. एक हात सोडायचाच आहे ना? मग निदान रहदारीच्या कामाला तरी येऊ दे. तीही शहाणी, रिकाम्या गल्लीत घंटी वाजवून मांजराला हात दाखवून वळायची. मांजर बाजूला व्हायचं. मी सायकलीच्या शेजारून धावायचे, दम लागला की हँडल धरायचे, आणि आम्ही दोघी धापा टाकत हसायचो.

घरात सायकलीशिवाय विषय नव्हता. जिन्यावरचे निरोपसुद्धा बदलले.

"डावीकडे छान वळते आता!"

"उजवीकडे?"

"ते आई बघतेय!"

ढब्बूनं त्याच धांदलीत पहिलं पाऊल टाकलं, दुसऱ्या पावलाला आपटला, आणि कुणीतरी आपल्यासाठी टाळ्या वाजवतंय असं वाटून उठून बसला. टाळ्या खरं तर खाली भिंगरीसाठी चालल्या होत्या. बिचाऱ्याला आम्ही काही सांगितलं नाही.

आणि एके दिवशी थंडी गेली. बागेतल्या झाडांना एकदम पालवी फुटली, दुकानाच्या दाराशी ऊन येऊन बसलं. लोकांनी कोट दुरुस्तीला टाकले. वारा मात्र अजून बोचरा होता, आणि मला त्याचा भरवसा नव्हता.

"आई, आता कुणीच हातमोजे घालत नाही. मुलं हसतात," भिंगरी म्हणाली.

"हसू देत. वसंतातली थंडी फसवी असते. वचन काय दिलंयस?"

"काहीही झालं तरी," ती पुटपुटली.

तलावाच्या आधी खेळाच्या बाई एक परीक्षा घेणार होत्या. शनिवारी, मोठ्या बागेत. तिथं मधे कारंजं आहे, भोवती गोल फरसबंद वाट. फाटकापाशी कठडा, कठड्यापलीकडे बसचा थांबा. ज्याला जमेल तो रांगेत, ज्याला जमणार नाही तो व्हॅनमध्ये.

त्या शनिवारी जे घडलं ते आमच्या घराच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं: कामाच्या दिवशी सगळे एकाच वेळी एकाच ठिकाणी. मी लॅबमधून सुटी घेऊन, ढब्बूला कडेवर घेऊन. भाऊजी झोप सोडून, डोळे लाल. सासूबाई दुकानाला कुलूप लावून, गळ्यात मापाची टेप आणि मनगटावर टाचण्यांची उशी तशीच. नवऱ्याला सुटी मिळाली नाही, पण त्यानं बसच आणली! म्हणजे बस त्याच मार्गावरची होती आणि त्या थांब्यावर थांबणारच होती, पण तो खिडकीतून अर्धा बाहेर आला, प्रवाशांना म्हणाला, "मंडळी, जरा दोन मिनिटं. माझी मुलगी आहे." आणि प्रवासी सगळे आमच्या बाजूच्या खिडक्यांना येऊन चिकटले.

"कुठली हो? ती हातमोजेवाली?" कुणीतरी विचारलं.

"तीच!"

बाईंनी फाटकापाशी वाटेवर खडूनं एक जाड रेष ओढली. बाई उंच, केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी. "एक चक्कर," त्यांनी मोठ्यांदा सांगितलं. "आणि ह्या रेषेवर येऊन थांबायचं. मोठ्यांनी कुणी सायकलीला हात लावायचा नाही. हात लागला की व्हॅन. कळलं?"

"कळलं!" मुलं ओरडली.

"कळलं!" आमचे भाऊजीही ओरडले.

पहिला मुलगा गेला, फिरला, रेषेवर आला, कर्रर्र करून थांबला. दुसरी आली. कर्रर्र. तिसरा. कर्रर्र.

त्या तिसऱ्या कर्रर्रला मी कान टवकारले.

हा आवाज मी आमच्या गल्लीत कधी ऐकला नव्हता. सगळा हिवाळा, चौघांच्या हाताखाली, एकदाही नाही.

"भाऊजी," मी त्यांची बाही ओढली, "तिला थांबायचं कुणी शिकवलं?"

"दादानं."

"अरे, ऐक!" मी कठड्याकडे धावले. "तिला थांबायला तू शिकवलंस ना?"

"मी?" नवरा खिडकीतून म्हणाला. "मी तोल शिकवला. थांबायचं आईनं."

"मी वळणं!" सासूबाई म्हणाल्या. "थांबायचं तू शिकवलंस ना, सूनबाई? तू एवढी काळजी करणारी!"

चौघांपैकी कुणीच शिकवलं नव्हतं. ती कधी थांबलीच नव्हती. आम्ही तिला थांबवायचो. कुणाला झोपायचं होतं, कुणाला पँट आखूड करायची होती, कुणाचा दम जायचा. आम्ही तिला धरायचो आणि पुढच्याच्या हातात द्यायचो. पाव दिल्यासारखी.

मी वळले, "बाई, एक मिनिट—" म्हणायला तोंड उघडलं, आणि शिट्टी वाजली.

भिंगरी निघाली होती! बाकाच्या टोकावरून सीटवर चढून, पाठ ताठ, नजर समोर. काय सुरेख निघाली होती म्हणून सांगू! वळणापाशी घंटी, मागे नजर, हात बाहेर. बसमधून टाळ्या पडल्या. कारंज्याच्या पलीकडून ती फिरून आली, रेष दिसली, आणि तिच्या चेहऱ्यावर एक प्रश्न उमटला. तो मला इतक्या लांबूनही वाचता आला.

ती रेषेवरून गेली. पुढे गेली.

"थांब!" बाई ओरडल्या.

"कशी?" भिंगरी ओरडली, आणि दुसऱ्या चकरेला लागली.

मग जो काही गोंधळ झाला! नवरा खिडकीतून "पाय फिरवू नकोस!" म्हणून ओरडत होता, भाऊजी "फिरव, फिरव, नाहीतर पडशील!" म्हणून. सासूबाई टेप हलवत हिरवळीवरून धावत होत्या. "हळू वळ गं, कात्रीसारखी!" प्रवाशांत दोन तट पडले. एक आजोबा खिडकीतून काठी बाहेर काढून म्हणाले, "ब्रेक दाब म्हणावं तिला! सायकलला ब्रेक असतो!"

"ब्रेक दाब!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो.

"दाबतेय! दबत नाहीये!" ती आमच्यासमोरून सर्रकन गेली. आता तिचा आवाज रडवेला झाला होता. पाय जमिनीला पोचत नव्हते. फिरवणं थांबवलं तर कोसळायचं, फिरवत राहिलं तर थांबणार कधी?

भाऊजींनी बाह्या वर सारल्या. रेषेपुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले, रोज जिन्यापाशी राहायचे तसे. "ये इकडे! काका आहे ना! ये!"

मला काय झालं कोण जाणे. मी, जी दाराची कडी धुते, ती मी ढब्बूला सासूबाईंच्या कडेवर कोंबून धावले आणि भाऊजींचा कोट मागून गच्च धरला.

"वहिनी, सोडा! पडेल ती!"

"हात लावायचा नाही!"

"अहो, तुम्ही म्हणताय हे?"

"मीच म्हणतेय! तुम्ही धरलंत की ती व्हॅनमध्ये! बाजूला व्हा!"

ते बाजूला झाले. ती आली, माझ्या अगदी जवळून. आणि मी पाहिलं. तिच्या हातांकडे पाहिलं. तो गुबगुबीत पंजा हँडलवर होता, आणि ब्रेकच्या दांडीवरून घसरत होता. पुन्हा दाबायची, पुन्हा घसरायचा. आत कुठेतरी पाच बोटं होती, पण रजईच्या त्या पिशवीतून त्यांना दांडी सापडतच नव्हती. बोटंबिटं नकोत, असं मीच नव्हतं का सांगितलं?

मी धावायला लागले. तिच्या शेजारून, हिरवळीच्या कडेनं. धावायची सवय होतीच मला.

"भिंगरी! हातमोजे काढ!"

"काय?"

"हातमोजे! काढ!"

तिनं वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. "पण तूच म्हणालीस, काहीही झालं तरी!"

"आता मीच म्हणतेय, काढ!"

"आणि थंडी?"

"खड्ड्यात गेली थंडी! एक हात सोड! सलाम कर, काकाला करतेस तसा! दातानं ओढ!"

भिंगरीनं उजवा हात सोडला. सायकल थोडी डगमगली, मग सरळ झाली. सरळ पुढे बघ, हे तिच्या बाबानं शिकवलं होतं. तिनं पंजा तोंडात धरला, मान झटकली, आणि हातमोजा सटकन निघून दोरीवर लोंबकळायला लागला. लहानसा, गुलाबी, घामेजलेला हात बाहेर आला. मग वळण आलं. तिनं ते आजीचं वळण घेतलं, हळू, अलगद. मग डावा हात. दात. झटका.

मला धाप लागली होती. मी थांबले. पुढे तिचं तिलाच जायचं होतं.

ती रेषेकडे आली. दोन्ही हातमोजे दोन बाजूंना मासोळ्यांसारखे हेलकावत होते. तिनं घंटी वाजवली. कशाला, कुणास ठाऊक, माझ्या शिकवण्याला जागली असेल. आणि मग बोटं मिटली.

कर्रर्र!

पुढचं चाक बरोब्बर रेषेवर. सायकल थांबली. भिंगरी वर बसलेली, डोळे विस्फारलेले. क्षणभर सगळं तसंच राहिलं, आणि मग सायकल तिच्यासकट सावकाश कलली आणि हिरवळीवर आडवी झाली.

भाऊजी पुढे झेपावले. "नको!" मी ओरडले. ते जागच्या जागी झुलत राहिले.

भिंगरी उठली. गुडघा पाहिला. केसातलं गवत काढलं. आणि बाईंकडे बघून म्हणाली, "थांबले."

बाईंचा चेहरा गंभीर होता. त्या रेषेपाशी आल्या, वाकून चाकाची खूण पाहिली. "एक चक्कर सांगितली होती मी."

नवरा खिडकीतून आणखी थोडा बाहेर आला. कंबरेपासून खाली तेवढा बसमध्ये उरला होता.

"ह्या मुलीनं चार मारल्या," बाई म्हणाल्या. "म्हणजे तलावापर्यंत दम पुरेल. आणि रेषेवर थांबली. थांबल्यानंतर पडलेलं मी धरत नाही." मग त्या आमच्याकडे वळल्या, एकेकाकडे पाहिलं, पीठ, टेप, टाचण्या, बसची खिडकी. "तुम्हा मोठ्यांपैकी कुणीतरी तिला उतरायलाही शिकवा. कुणीतरी एकानं."

बसमधून असा जल्लोष झाला, की कारंज्यावरची कबुतरं उडाली. काठीवाले आजोबा काठी आपटून म्हणत होते, "मी म्हटलं नव्हतं? ब्रेक असतो!" नवऱ्यानं हॉर्न वाजवला, जे त्यानं करायला नको होतं, आणि मग निघून गेला, जे त्यानं आधीच करायला हवं होतं.

पुढचा आठवडाभर मी एकच धडा घेतला. ब्रेक दाब, सीटवरून पुढे सरक, पाय टेक. हिवाळाभरात ती वाढलीही होती. सरकली की पाय आता पोचत होता. गल्लीत दिवसभर कर्रर्र कर्रर्र. शेवटी शेजारच्यांनी विचारलं, "तुमच्या पोरीला चालवायला कधी शिकवणार?"

तलावाच्या दिवशी आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर उभे होतो, एकाखाली एक. खेळाच्या बाई रांग घेऊन आमच्याच गल्लीतून जाणार होत्या. वारा होता. माझ्या कोटाच्या खिशात हातमोजे होते. माझी बोटं त्यांच्याशी खेळत होती. भिंगरीनं ते पाहिलं.

"आई?"

"काही नाही. ऊन आहे," मी म्हणाले. "जा."

रांग आली. ती पायरीवरून सायकलवर चढली आणि रांगेत मिसळली. गल्लीच्या टोकाला मोठा रस्ता लागतो. माझे पाय आपोआप एक पायरी खाली उतरले. भाऊजींनी मागून माझा कोट धरला.

"हात लावायचा नाही," ते कानाशी म्हणाले.

टोकाशी ती पोचली. कर्रर्र. पुढे सरकली, एक पाय टेकवला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. घंटी. हात बाहेर, उघडा, पाच बोटांचा. आणि वळली.

आम्ही अजून त्या टोकाकडेच बघत होतो, तेवढ्यात ढब्बू माझ्या कडेवरून सरकला, पायरीवर उतरला, आणि गल्लीच्या दिशेनं डुलत डुलत जो निघाला तो निघालाच.

"ह्याला कोण काय शिकवणार?" सासूबाईंनी विचारलं.

"मी वेग!" भाऊजी म्हणाले.

"थांबायचं मी," मी म्हणाले, आणि त्याच्यामागे धावले.